त्याच्या उजवीकडून

मेपल रोडला सहा लेन आहेत
आणि त्यांतली एकही माझी नाही.
म्हणून मी फुटपाथवरून जाते,
सारंगला लहान झालेल्या सायकलवर,
सीट दोन बोटं वर घेऊन,
हँडलला लायब्ररीची पिशवी अडकवून.
ट्रॉय, मिशिगन. इथे पायी कोणी नसतं.
फुटपाथ म्हणजे गवताच्या दोन पट्ट्यांमध्ये
कुणीतरी विसरून गेलेली सिमेंटची फीत.

सायकल मी बार्शीत शिकले,
भावाची, नळीखालून पाय घालून.
तिथे कुणी वळणार असलं की आधीच कळायचं,
खांदा कलायचा, मान कलायची,
ट्रकचा क्लीनर दारातून हात काढून
हवेला थापट्या मारायचा.
आणि बघायचे सगळेच. नको इतकं.
बाईनं सायकलवरून जावं
आणि कुणी वळून बघू नये,
असं किती वेळा मनात मागितलं असेन.
ते मागणं इथे पुरं झालं.

झालं ते एवढंच.
ऑक्टोबर, सकाळचे साडेनऊ.
मला रस्ता ओलांडायचा पांढरा माणूस लागलेला,
त्याला लाल.
निळा पिकअप उजवीकडे वळायला टेकलेला.
लाल दिव्यातही वळता येतं इथे,
थांबून, बघून.
तो थांबला. त्यानं बघितलंही.
डावीकडे.
कारण त्याला धडकू शकेल असं जे काही,
ते डावीकडूनच येणार होतं.
मी त्याच्या उजवीकडून येत होते.
मला त्याचा कान दिसला,
टोपीखालचे पांढरे केस, मानेवरची घडी.
कानाला डोळे नसतात
हे मला ठाऊक होतं.
तरी म्हटलं, थांबलाय तो.

पुढच्या चाकाचा आठाचा आकडा झाला.
गुडघा सोलवटला.
पुस्तकं झेब्राच्या पट्ट्यांवर पसरली,
एक उघडंच, वाऱ्यात आपली पानं मोजत.
उतरले ते मिस्टर कोवाल्चिक, सत्तरीचे,
हात माझ्यापेक्षा जास्त थरथरत होते.
'दिसलाच नाहीत तुम्ही,' म्हणाले,
परत म्हणाले,
माझा चष्मा पुसून देताना आणखी एकदा.
खोटं बोलत नव्हते ते.
त्याचंच वाईट वाटलं.

सारंग म्हणतो, आई, हक्क तुझा होता.
नियम काढून वाचून दाखवतो, कलमासकट.
होता ना.
तोही माझ्याबरोबर तिथेच पडला होता.

आता मी कोपरा आला की पाय टेकते.
डोनटच्या दुकानापाशी, बँकेपाशी,
जिथे जिथे फुटपाथला गाड्यांसाठी उतार आहे
तिथे चालणाऱ्या बाईच्या वेगानं.
घरांसमोरून जाताना
मागे येणाऱ्या गाडीचे दोन पांढरे दिवे शोधते,
थंडीत धूर आधी दिसतो, तो शोधते.
सिग्नलचा पांढरा माणूस बोलावतो, बोलावू दे.
मी काचेकडे बघते.
काचेत नुसतं आभाळ असेल
तर गाडीच्या मागून वळसा घालते,
आभाळ मला ओळखत नाही.
उशीर होतो. पुस्तकं काही पळून जात नाहीत.
(त्यातल्या एकाच्या पान एकशे बारावर
टायरचा अर्धा ठसा आहे अजून.
लायब्ररीनं दंड घेतला नाही.)

आणि काचेमागे चेहरा असेल तर
त्याच्याकडे बघत राहते, बिनदिक्कत,
तो वळेपर्यंत.
कॉफी पिणारा, दात कोरणारा,
फोनवर कुणाशी तरी भांडणारी,
कुणीही.
आईनं पाहिलं असतं तर म्हणाली असती,
अगं, परक्या माणसाकडे
अशी टक लावून काय बघतेस?

बघ रे बाबा, म्हणते मी, मराठीतच, ओठांत.
तो दचकतो.
कप खाली ठेवतो. हात हलवतो.
मग मी जमिनीवरचा पाय उचलते.